कार्तिकातला समुद्र

मिरजेच्या रेल्वेस्थानकावर फलाटाच्या टोकाशी जी मोठी पिवळी पाटी आहे, तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती साडेपाचशे मीटरांच्या घरात आहे. जन्मभर त्या पाटीखालून मी येजा केली, परंतु तिच्याकडे माझे लक्ष कधी गेले नाही. तीस-पस्तीस वर्षे भूगोल शिकविलेल्या माणसास ही गोष्ट फारशी भूषणावह नाही. गेल्या दसऱ्याच्या सुमारास कोणा पाहुण्यांना पोचविण्यास आम्ही स्थानकावर गेलो असता माझ्या सात वर्षांच्या नातवाने ती पाटी मोठ्याने वाचली आणि मला विचारले, "नाना, समुद्र इथून खाली आहे ना? मग तो दिसत का नाही?"

समुद्रसपाटी म्हणजे काय याची व्याख्या मला पाठ आहे. ती मी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा विचारले, "पण तुम्ही समुद्र पाहिलाय का?" मी म्हटले, "पाहिला आहे." "बाबांनी?" "लांबून." "आणि आम्हांला कधी दाखवणार?" गाडी येत असल्याची सूचना त्याच वेळी झाली म्हणून मी सुटलो. परंतु नेमका हाच प्रश्न याच वयात याच्या बापाने मला विचारला होता, आणि त्या वेळी मी काहीतरी सबब सांगून तो टोलविला होता, हे मात्र मला परतीच्या वाटेवर आठवत राहिले.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. आम्हां मिरजकरांचा आणि समुद्राचा संबंध तसा बेताचाच. आमची कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ६४ किलोमीटर. परंतु सह्याद्रीने पाठ वळवून दिली असल्यामुळे ही जवळच्या समुद्राकडे ढुंकूनही पाहात नाही. वाई, सांगली, मिरज, नरसोबाची वाडी असे करीत ती कर्नाटकात उतरते, तेथून तेलंगण व आंध्र ओलांडते, आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. घरच्या नदीचेच जेथे हे वळण, तेथे माणसांना दोष कोणी द्यावा! असे मी मुलांना वर्गात गमतीने सांगत असे. वस्तुतः माझ्या बाबतीत कारण निराळे होते. ते पुढे येईलच.

दिवाळीच्या सुटीत रत्नागिरीकडे जावयाचे असे चिरंजीवांनी ठरविले. मला त्यांनी विचारले नाही, नुसते कळविले. आणि ते योग्यच केले, कारण विचारले असते तर मी नाही म्हटले असते. सौभाग्यवतीने मात्र थंडीचा मुद्दा काढला. मिरजेस कार्तिक लागला की पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो, कृष्णेवर धुक्याची पट्टी दिसू लागते आणि कपाटातील स्वेटर-कानटोप्यांना डांबरगोळ्यांसकट बाहेर यावे लागते. "लोक उन्हाळ्यात समुद्रावर जातात, आपण हिवाळ्यात निघालोय," असे ती म्हणाली. समुद्रकाठी हिवाळा नावाला असतो, हे मी पुस्तकाच्या आधारे तिला पटविण्याचा यत्न केला. परिणाम इतकाच झाला की दोन घोंगड्यांऐवजी एक घोंगडी बांधली गेली.

एस. टी. ने निघालो. आता बायकांना सर्व गाड्यांत अर्धे तिकीट झाले आहे, मला वयाचे अर्धे, मुलांना लहानपणाचे अर्धे. सहा माणसांत पूर्ण तिकीट एकट्या चिरंजीवांचे! कुटुंबाचा कर्ता पुरुष कोण याचा निकाल वाहकाने असा परस्पर लावून टाकला, याबद्दल आमच्या सूनबाई आंबा घाट येईपर्यंत हसत होत्या.

कोल्हापूर सोडून मलकापूर मागे पडले की हवा बदलू लागते. आंबा गावाशी ती सर्वांत गार. तेथे गाडी थांबली तेव्हा मुलांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्या वाफेचेच त्यांना इतके अप्रूप वाटले की चहा निवून गेला. डाव्या हातास कोठेतरी विशाळगडाचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे ती पावनखिंड. १६६० सालच्या आषाढातली ती रात्र मी दर वर्षी वर्गात उभी करीत असे. नातीला म्हटले, "बघ, याच बाजूस बाजीप्रभू..." ती अकरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "नाना, धड्यात पाऊस होता. आता एवढीशी थंडी आहे तर आपण चार स्वेटर घातलेत." यावर मी काय बोलणार?

घाट उतरू लागलो तसे एकेक वस्त्र अंगावरून उतरू लागले. साखरप्यास कानटोपी, हातखंब्यास स्वेटर. वरच्या अंगास ऊस उभा होता. खाली भाते कापून झाली होती, खळ्यांशी पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या, आणि कातळावरचे गवत पिवळे पडून वाऱ्याबरोबर एका अंगास निजले होते. गाडीत शेजारी बसलेले एक रत्नागिरीचे बागाईतदार गृहस्थ सारखे खिडकीबाहेर हात काढून हवा चाचपीत होते. मी कारण विचारले. ते म्हणाले, "थंडी बघतोय. चांगली पडली तर मोहोर." हापूसच्या कलमास मोहोर येण्यास कोरडी हवा आणि गार रात्री लागतात, रात्रीचा पारा विशीच्या खाली काही दिवस राहिला नाही तर झाड मोहोराऐवजी नुसती पालवी काढीत बसते. मला आमच्या तासगावकडचे द्राक्षवाले आठवले. याच दिवसांत तेही पहाटे उठून आभाळ पाहतात. परंतु त्यांना धुके नको, दव नको, अवकाळी पाऊस तर नकोच नको, कारण वेलीवर डावणी आली की वर्षाची कमाई बुडाली. सह्याद्रीच्या एका अंगास थंडीची आळवणी आणि दुसऱ्या अंगास तिच्याबरोबर येणाऱ्या दवधुक्याची धास्ती, असा हा एकाच कार्तिकाचा दुहेरी कारभार आहे.

रत्नागिरी शहरात आम्ही फार वेळ घालविला नाही. टिळकांचे जन्मस्थान पाहिले. १८५६ च्या जुलैत ज्या घरात ते जन्मले ते घर कौलारू आणि साधे आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा बाहेरून पाहिला. इंग्रजांनी १८८५ साली त्या राजास पदच्युत करून देशाबाहेर काढले. पुढे त्याला येथे आणून ठेविले, आणि १९१६ साली तो येथेच वारला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात, हा योगायोग मी मुलांना सांगितला, त्यांनी तो ऐकला आणि विचारले, "समुद्र किती लांब आहे?"

आरे-वाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्यास निघालो. चढावरून गाडी वळली आणि डाव्या हातास एकाएकी सगळे निळे झाले. गाडीत कोणी बोलले नाही. नातू उभा राहिला. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, "हा सपाट नाहीये."

तिथी कार्तिक शुद्ध षष्ठी. संध्याकाळी पुळ्याच्या वाळूवर पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. मुले धावत सुटली आणि मी ओरडलो. माझा आवाज वर्गाचा आवाज आहे. तो चाळीस मुलांना पुरत असे. मुले जागच्या जागी थांबली. मी त्यांना कोरड्या वाळूत बसविले, किल्ला करण्यास सांगितले, आणि पाण्याच्या व त्यांच्या मध्ये मी स्वतः धोतर सावरून उभा राहिलो. अशा रीतीने समुद्राच्या पहिल्या संध्याकाळी माझ्या नातवंडांनी समुद्र पाहिला तो आपल्या आजोबांच्या पायांमधून.

रात्री जेवणे झाल्यावर चिरंजीव माझ्याजवळ येऊन बसले. ते फार बोलणारे नव्हेत. म्हणाले, "नाना, मी चाळिशीला आलो. मला पोहता येत नाही. मी समुद्राच्या पाण्यात कधी पाय घातला नाही. शाळेची सहल निघाली की माझे नाव तुम्ही स्वतः काढीत होता. कारण मला कधी सांगितले नाहीत. आता मुलांचेही तसेच करायचे का?"

ते कारण मी आजवर घरात कोणास सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले, आणि आता आपल्याला सांगतो.

१९९१ सालचा डिसेंबर. सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी याच किनाऱ्यावर आलो होतो. मुले चाळीस, मास्तर दोघे. माझे वय त्या वेळी तेहतीस. सकाळची वेळ, हवा गार, ओहोटी लागलेली. मुलांनी पाण्यात जाण्याचा हट्ट धरला. मी गुडघाभर पाण्याची अट घातली आणि जागाही स्वतः निवडून दिली. दोन्ही बाजूंस लाटा फुटून पांढरा फेस होत होता. मध्ये एका पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या, पाणी संथ आणि जरा गडद दिसत होते. मी काठीने दाखवून म्हटले, "तिथे जा. तिथे पाणी शांत आहे."

काही क्षणांत एक मुलगा छातीभर पाण्यात दिसला. पुढच्या क्षणी त्याचे डोकेच दिसू लागले, आणि ते आत आत चालले होते. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत होता आणि किनारा त्याच्यापासून दूर जात होता. मला पोहता येत होते, कृष्णेच्या घाटावर शिकलो होतो. परंतु माझे पाय वाळूतून निघाले नाहीत. ही गोष्ट मी सजवून सांगू शकलो असतो. पण निघाले नाहीत हे खरे. शहाळी विकणारा एक स्थानिक माणूस कोयता टाकून धावला, पाण्यात शिरला, मुलाला धरले, आणि आश्चर्य असे की तो किनाऱ्याकडे आलाच नाही. आडवाच पोहत गेला, पुष्कळ लांबवर, आणि तेथे लाटांबरोबर अलगद बाहेर आला. मुलगा वाचला. तो इतका कुडकुडत होता की त्याच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. मी माझा कोट त्याच्या अंगावर घातला. शाळेत परतल्यावर प्रकरण वाढले नाही; मुलगा सुखरूप होता, पालक भले होते, आणि "पोराने आगळीक केली" असे सर्वांनी धरून चालले. मीही तसेच धरू दिले. जागा मी दाखविली होती, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

चिरंजीवांनी सर्व ऐकून घेतले. काही वेळाने त्यांनी विचारले, "मग तुम्ही पुन्हा कधी विचारले नाहीत का, तिथे काय झाले ते?" खरोखर नव्हते विचारले. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारण्याचे वेतन घेतले, आणि हा एक प्रश्न विचारण्याची मला हिंमत झाली नव्हती.

पहाटे झोप येईना म्हणून पाचलाच उठून बाहेर पडलो. पाठीमागे चाहूल लागली. नातू घोंगडी गुंडाळून आला होता. आम्ही दोघे वाळूवर गेलो. वारा पाठीवर होता, डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा, गार आणि कोरडा. श्रोतेहो, खारे वारे आणि मतलई वारे हा पाठ मी किती वेळा शिकविला असेन! दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. फळ्यावर दोन बाण काढले की पाठ संपे. तो मतलई वारा प्रत्यक्ष माझ्या मानेला लागला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि त्याच वेळी लांब पाण्यावर मासेमारी होड्यांचे दिवे दिसत होते. शिडांच्या दिवसांत कोळी याच वाऱ्यावर पहाटे समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आता यंत्रे आहेत, परंतु पहाटेची वेळ पुष्कळांनी सोडलेली नाही.

नातवाने मला कळण्यापूर्वीच पाय पाण्यात घातला होता. तो ओरडला, "नाना, पाणी गरम आहे!" मी वाकून हात लावला. खरेच कोमट होते. अरबी समुद्राचे पाणी या दिवसांतही २८ अंशांच्या आसपास असते आणि पहाटेची हवा त्याहून बरीच थंड. त्यामुळे ते हातास ऊन लागते. हेही मी शिकविले होते, की पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. आम्ही तसेच उभे राहिलो, पावलांपुरत्या पाण्यात, त्याचे मनगट मी इतके घट्ट धरले होते की तो शेवटी म्हणाला, "हात दुखतोय."

उजाडल्यावर किनाऱ्यावर शिट्टी आणि दोर घेऊन एक जीवरक्षक तरुण आला. त्याच्याजवळ जाऊन मी तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी विचारावयास हवा होता तो प्रश्न विचारला. त्याने हसून वाळूत बोटाने आकृती काढली. लाटा सबंध किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाणारच. ते सगळीकडून सारखे न जाता जेथे तळाची वाळू खोल खणली गेली असेल तेथून एका अरुंद ओघाने वेगाने आत जाते. त्या जागी खोली अधिक असल्यामुळे लाट फुटत नाही, फेस होत नाही, पाणी गडद आणि संथ दिसते. नवख्या माणसास तीच जागा सुरक्षित वाटते. "सगळे पाहुणे तिथेच जातात, गुरुजी," तो म्हणाला. मी गुरुजी आहे हे त्याला कसे कळले कोण जाणे. बहुधा मी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरून. त्या ओघात सापडलेल्याने किनाऱ्याकडे पोहू नये, कारण पट्टीचा पोहणाराही त्याच्यापुढे थकतो. अंग सैल ठेवून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर आडवे पोहावे. ओघाची रुंदी थोडी असते, ती ओलांडली की लाटाच माणसाला बाहेर आणतात. हा ओघ माणसाला खाली ओढीत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो दमून आणि घाबरून.

मी त्याला विचारले, "आज तो कोठे आहे?" त्याने बोट दाखविले. ती जागा त्या दिवशीच्या जागेपासून बरीच उत्तरेस होती. वाळू सरकते तसा ओघही सरकतो. म्हणून तो दर दिवशी पाहावा लागतो.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट करावी. सप्तमीस सव्वापाच, अष्टमीस सहा. त्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, परंतु घड्याळाच्या कामास पंचांग पुरते. नातीने ही रीत लगेच उचलली आणि दिवसभर येईल त्याला तिथी विचारून भरतीची वेळ सांगत सुटली. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, उधाणाची नव्हे. पाण्याचा चढउतार कमी. पौर्णिमा-अमावास्येस उधाण. त्रिपुरी पौर्णिमेच्या आत आम्ही आलो हे नकळत बरेच झाले.

सप्तमीची सकाळ देवदर्शनात आणि डोंगराच्या प्रदक्षिणेत गेली. येथे डोंगर हाच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगरास. दुपारी जवळच मालगुंडास जाऊन केशवसुतांचे घर व मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने झालेले स्मारक पाहिले. कवितेतले मला फार कळते असे नाही. परंतु १८६६ साली या घरात जन्मलेला हा कवी पेशाने आमच्यासारखाच शाळामास्तर, परगावी नोकऱ्या करीत फिरलेला, आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने चाळिशीच्या आत गेलेला. अंगणात उभे राहिले की लाटांचा आवाज येतो. तेथे मी थोडा अधिक वेळ थांबलो. मुले कंटाळली.

याच किनारपट्टीस कार्तिकापासून पुढे कासवे अंडी घालण्यास येऊ लागतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखण्याचे काम चालविले, आणि पुढे इतर गावांतही ते सुरू झाले. कासवाचे पिल्लू नर व्हावे की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते: वाळू गार असेल तर नर अधिक, ऊन असेल तर माद्या अधिक. हे मी नातीला सांगितले तेव्हा तिने आपल्या भावाकडे पाहून म्हटले, "म्हणजे हा थंडीतला आहे." तो खरोखरच पौषातला आहे.

अष्टमीस दुपारी तीन वाजता आम्ही पाण्यात गेलो. ओहोटी संपून भरती चढू लागली होती, खारा वारा तोंडावर येत होता. त्या तरुणाने दाखविलेल्या जागी, जेथे लाटा सरळ फुटत होत्या, फेस पांढरा होता आणि उगीचच भय वाटत होते, तेथे. जाण्यापूर्वी मी मुलांना वाळूवर बसवून विचारले, "आजचा ओघ कोठे आहे ते दाखवा." दोघांनी बोट दाखविले, नात बरोबर, नातू चुकला. त्याला पुन्हा पाहावयास लावले. नंतर चिरंजीवांना विचारले. ते चाळिशीचे गृहस्थ, बँकेत अधिकारी. त्यांनीही वाळूत उकिडवे बसून बोट दाखविले. ते बरोबर निघाले.

एका बाजूस मी नातवाचा हात धरला. दुसऱ्या बाजूचा हात चिरंजीवांचा होता, आणि तो त्यांनी मला धरू दिला. पहिली लाट गुडघ्यावर आली तेव्हा त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. सौभाग्यवती लुगड्याचा ओचा आवरून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे तर न्हाणीघरातल्यासारखे ऊन आहे! उगीच स्वेटर आणले." कमरेच्या वर कोणी गेले नाही. अर्ध्या तासात बाहेर आलो.

थंडी वाजली ती बाहेर आल्यावर. अंगावरचे पाणी वाऱ्याने सुकते तेव्हा अंगाची ऊब घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही ह्याच न्यायाने. नातवाचे दात वाजू लागले. तो आवाज मी ओळखला. क्षणभर माझ्या हातापायांतले बळ गेले. सूनबाईने त्याला टॉवेलात गुंडाळले, सौभाग्यवतीने वर घोंगडी टाकली, आणि ती एकमेव घोंगडी आणल्याचे सार्थक झाले. उतरलो होतो तेथील बाईंनी मऊभात, मेतकूट आणि तूप वाढले. मुले तशीच जेवताजेवता झोपली.

नवमीस परत निघालो. घाट चढताना स्वेटर उलट्या क्रमाने अंगावर चढले.

मिरजेस आल्यावर चार दिवसांनी मी एका सायकलीच्या दुकानात गेलो. तेथील मालक आता पंचेचाळिशीचे आहेत. तोच तो मुलगा. इतकी वर्षे रस्त्यात दिसले की ते नमस्कार करीत आणि मी घाईत असल्यासारखे करीत असे. त्यांनी स्टूल पुढे केले. मी म्हटले, "त्या दिवशी जागा मी दाखविली होती. चूक तुझी नव्हती." ते बराच वेळ पाना हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, मला पाण्याचे फार आठवत नाही. थंडी आठवते. आणि तुमच्या कोटाला खडूचा वास येत होता ते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण मी एवढा जोर लावून किनाऱ्याकडे येत होतो, तरी येता का येत नव्हते? मी पोरांना घेऊन जातो समुद्रावर. अजून कळले नाही मला."

मी त्यांच्याकडून पावतीपुस्तकातला एक कागद मागून घेतला. मागच्या कोऱ्या बाजूस किनाऱ्याची रेघ काढली, लाटा काढल्या, मध्ये लाटांशिवायचा पट्टा सोडला, आत जाणारा एक बाण काढला आणि दुसरा आडवा. त्यांनी तीनदा विचारून समजून घेतले, आणि तो कागद गल्ल्यावरच्या काचेखाली सरकविला.